अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उपचाराला जायचंय? तिकीट काढण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

आयाहुआस्का म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला, दृश्यं दाखवणारा वनस्पतींचा काढा. त्याच्या शिबिरांबद्दल कानावर जे येतं ते बहुतेक एका रात्रीबद्दल असतं. काय दिसलं, कोण रडलं, किती उलट्या झाल्या. पेरूच्या उकायाली नदीकाठी राहणाऱ्या शिपिबो-कोनिबो लोकांकडे या उपचाराची रीत जुनी आहे, आणि त्या रीतीत रोग्याने काढा प्यायलाच पाहिजे असं नव्हतं. काढा प्यायचा वैद्य. आजार कुठे दडलाय ते त्याला दिसावं म्हणून. रोगी समोर पडून राहायचा आणि वैद्य त्याच्यावर गायचा. रोग्याच्या वाट्याला गाणं, तंबाखूचा धूर, झाडपाल्याची आंघोळ आणि कडक पथ्य. जमलेल्या सगळ्यांनीच प्यायचं, ही पद्धत परदेशी पाहुण्यांबरोबर फोफावली.

नवख्या माणसाने हे आधी समजून घेतलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. नुसता काढा तर कुठल्याही केंद्रात मिळेल. उपचारासाठी चालला असाल तर माणूस शोधावा लागेल, पथ्य पाळावं लागेल, आणि कदाचित प्यायची गरजही पडणार नाही.

हा लेख पेरूपुरता आहे. कोलंबियात याच वेलीच्या काढ्याला याहे म्हणतात आणि कोफान, सिओना, इंगा अशा जमातींचे ताइता, म्हणजे वैद्य, तो देतात. ब्राझीलमध्ये सांतो दाइमे आणि उनिआओ दो वेजेताल या पंथांचे लोक तो प्रार्थनेत घेतात, तिथे धार्मिक वापराला मुभा आहे, विकायला नाही. प्रत्येक ठिकाणची शिस्त वेगळी आहे. एकीकडचं दुसरीकडे लावू नका.

पहिलं काम: आपल्या औषधांची यादी

केंद्र शोधण्याआधी घरातला औषधांचा डबा उघडा. कारण सांगतो. काढ्यात मुख्यतः दोन वनस्पती असतात. बॅनिस्टेरिओप्सिस कापी ही वेल, आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. पानांत डीएमटी हे दृश्यं दाखवणारं द्रव्य असतं, पण ते नुसतं पोटात गेलं तर मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर त्याचा फडशा पाडतं. वेलीतली हार्मीन आणि हार्मालीन ही द्रव्यं त्या विकराला काही तास रोखून धरतात, म्हणून काढा काम करतो. जंगलातल्या लोकांनी ही जोडी कशी शोधली यावर तासन्‌तास बोलता येईल. पण धोकाही तिथेच आहे. तेच विकर रोखलेलं असताना शरीरात दुसरं एखादं औषध असेल, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

नैराश्य किंवा चिंतेवरची एसएसआरआय गटातली औषधं (फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटालोप्राम), एसएनआरआय, इतर नैराश्यविरोधी गोळ्या, लिथियम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, एमडीएमए, कोकेन, अ‍ॅम्फेटामीन: यांतलं काहीही चालत नाही. कोरड्या खोकल्याच्या औषधात अनेकदा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही नाही. प्रवासात खोकला झाला आणि दुकानातून बाटली आणली, एवढ्याने घात होऊ शकतो. झोपेसाठी किंवा शक्तीसाठी कुणी दिलेली आयुर्वेदिक चूर्णं चालू असतील तर तीही यादीत लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिबिरासाठी म्हणून मानसोपचाराची औषधं परस्पर बंद करू नका. काही औषधं शरीरातून जायला आठवडे घेतात. फ्लुओक्सेटीनसाठी साधारण पाच आठवडे धरतात. आणि औषध थांबल्यावर मूळ आजार उसळू शकतो, तोसुद्धा घरापासून अर्ध्या पृथ्वीवर. औषध सोडता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा मनोविकृतीचा झटका स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आलेला असेल, तर जाऊ नका. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, गर्भारपण, यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तरी नाही. काढ्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हा हिशेब डॉक्टरांसमोर बसून करावा: दिवसभर जवळजवळ उपास, रात्रभर उलट्या, आणि मदत नदीच्या पलीकडे.

कायदा

पेरूत हे उघडपणे चालतं. २००८ साली तिथल्या सरकारने अ‍ॅमेझॉनमधल्या मूळ समाजांचं आयाहुआस्काविषयीचं ज्ञान आणि पारंपरिक वापर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला. भारतात डीएमटी हे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणजे गोव्यात किंवा हिमाचलात कुणी ‘सेरेमनी’ ठेवली, पाहुणा वैद्य खरोखर पेरूचा असला, तरी कायदा तोच. सुकी पानं किंवा घट्ट काढा टपालाने मागवणं हाही त्याच कायद्याखालचा धोका. आपल्या नागरिकांनी हा प्रकार टाळावा, असा सल्ला अमेरिकेच्या पेरूमधल्या दूतावासाने दिलेला आहे. तो वाचून मग ठरवा.

माणूस निवडणं

सर्वाधिक वेळ इथे घालवा. वेबसाइट सुंदर असणं आणि रात्री अंधारात तुमच्यासमोर बसणारा माणूस चांगला असणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पेरूत दोन मोठे अड्डे आहेत. इकितोस शहराला बाहेरून रस्ताच नाही. विमानाने जायचं, नाहीतर बोटीने. तिथून नाउता गावाकडे जाणाऱ्या साधारण १०० किलोमीटरच्या रस्त्यावर आणि नद्यांच्या काठाने बरीच केंद्रं आहेत. त्यांतली अनेक परदेशी मालकांची, गाणारे वैद्य मात्र उकायालीहून आणलेले शिपिबो. दुसरा अड्डा पुकाय्पा आणि त्याला लागून असलेलं यारिनाकोचा तळं. हा शिपिबोंचा मूळ मुलूख. इथे कुटुंबांनी चालवलेली लहान केंद्रं जास्त. सोयी कमी, पैसे कमी, आणि स्पॅनिश येत नसेल तर अडचण जास्त. तिसरं नाव तारापोतोचं. तिथे ताकिवासी नावाचं केंद्र १९९२ पासून व्यसनमुक्तीसाठी वनस्पती आणि मानसोपचार एकत्र वापरतं. त्याची धाटणी निराळी आहे.

शिपिबोंमध्ये जाणत्या वैद्याला ओनान्या म्हणतात. समोरासमोर हाक मारताना मात्र माएस्त्रो, बाई असतील तर माएस्त्रा. केंद्राला पत्र लिहाल तेव्हा गोड प्रश्न विचारू नका, नेमके विचारा. गाणारे कोण, कुणाकडे शिकले, कोणत्या वनस्पतींचं किती काळ पथ्य केलं? एका रात्री किती पाहुणे आणि किती वैद्य? न प्यायलेला, पूर्ण शुद्धीतला माणूस रात्रभर हजर असतो का? रात्री दोन वाजता एखाद्याला दवाखान्यात न्यायचं झालं तर बोट कुठली, चालवणारा कुठे झोपतो, किती वेळ लागतो? पेरूत रुग्णवाहिकेचा क्रमांक १०६ आहे, पण जंगलात तो लावून रुग्णवाहिका येणार नाही. काढ्यात वेल आणि चाक्रुना यांशिवाय काय घालता? इथे ‘तोए’चं नाव आलं तर सरळ नकार द्या. तोए म्हणजे धोतऱ्याच्या कुळातली, लोंबत्या कर्ण्यासारख्या फुलांची ब्रुगमान्सिया. तिच्यातल्या स्कोपोलामीनने माणूस दिवसेंदिवस भ्रमात राहू शकतो.

तुमच्या आजारांची आणि औषधांची चौकशी न करता जे केंद्र पैसे भरायला सांगतं, ते बाद. या एका चाळणीत अर्धी तरी गळतील.

बायकांसाठी वेगळं आणि स्पष्ट सांगायला हवं. या जगात लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी वारंवार आल्या आहेत, स्थानिक वैद्यांबद्दलही आणि परदेशी आयोजकांबद्दलही. उपचारात हात लागला तर तो डोक्याला, पाठीला, तळव्यांना, तोही कपड्यांवरून आणि सगळ्यांसमोर. कपडे काढायला सांगणं, एकटीला वेगळ्या झोपडीत बोलावणं, ‘तुझ्यासाठी खास विधी’ हे पारंपरिक वगैरे काही नसतं. माएस्त्रा गाणाऱ्या असतील असं केंद्र निवडा आणि पहिल्या खेपेला सोबत घेऊन जा.

आणखी एक गोष्ट ब्रोशरमध्ये सापडत नाही. शिपिबो वैद्यकात आजार नुसता शरीराचा किंवा मनाचा नसतो, तो कुणीतरी पाठवलेलाही असू शकतो. मत्सरातून केलेलं ‘दान्यो’, धसक्याने गेलेला जीव म्हणजे ‘सुस्तो’. आपल्याकडची करणी आणि दृष्ट ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. त्यांच्या विश्वाचा तो भाग आहे, त्याची टिंगल नको. पण ‘तुझ्यावर कुणीतरी केलंय, काढायला आणखी इतके डॉलर’ असं ऐकू आलं तर बॅग भरायची. भीती दाखवून पैसे काढणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला, तिथे तुमच्या मदतीला तो नाही.

लस, व्हिसा, वाट

पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी, केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायची. मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण वेळ आधी घ्यावी लागते. ही लस चुकवून चालत नाही. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि ही लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. साठीपुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण लस जिवंत विषाणूची आहे. इकितोसच्या परिसरात मलेरिया आहे. त्याची प्रतिबंधक गोळी घेणार असाल तर तीही शिबिराच्या केंद्राला कळवा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर सवलत आहे, तरी दूतावासाकडून खात्री करून घ्या. थेट विमान नाही. युरोपमार्गे लिमा, तिथून देशांतर्गत विमानाने इकितोस किंवा पुकाय्पा. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. पेरूची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, तेव्हा पोहोचल्याच्या रात्री विधीला बसू नका. दोन दिवस झोप भरून काढा.

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. नशा आणणाऱ्या पदार्थामुळे ओढवलेलं आजारपण बहुतेक पॉलिसी वगळतात.

घरचं पथ्य

निघण्याआधी एक-दोन आठवडे दारू, गांजा, डुकराचं मांस, शरीरसंबंध बंद. मसाला, तिखट, तळण, साखर हळूहळू कमी. जुनं चीज, सोया सॉस, आंबवलेले पदार्थ, मुरलेली लोणची टाळा. यांतल्या टायरामीनमुळे, ते विकर रोखलेलं असताना, रक्तदाब चढू शकतो. या वेलीच्या बाबतीत तो धोका जुन्या नैराश्यविरोधी औषधांइतका मोठा मानत नाहीत, तरी चार दिवस लोणच्यावाचून काही अडत नाही. चहा-कॉफी आधीच सोडा, नाहीतर पहिले तीन दिवस डोकेदुखीत जातील.

तिथलं पथ्य: दिएता

नवख्यांना वाटतं की रात्री खरं काम आणि दिवसा आराम. वैद्यांचं म्हणणं नेमकं उलट. शिकाऊ ओनान्या ज्ञान मिळवतो ते एकेका झाडाचं पथ्य करून. महिनोन्‌महिने एका झोपडीत राहायचं, त्या झाडाची साल किंवा मूळ घ्यायचं, आणि बाकी जग बंद. झाड स्वप्नात येतं, गाणं शिकवतं, असं ते सांगतात. वनस्पती इथे औषधाबरोबरच गुरूही आहे.

पाहुण्यांना याची लहान आवृत्ती मिळते, आठ-दहा दिवसांची. नदीकाठच्या गुलाबी फुलांचं बोबिन्साना, लसणीसारख्या वासाचं अहो साचा, अंगात हुडहुडी आणि मुंग्या आणणारं चिरिक सानांगो, यांपैकी वैद्य एखादं निवडून देतात. या झाडांना दृश्यं दिसण्याशी काही देणंघेणं नाही. राहायला ताम्बो, म्हणजे जाळी लावलेली छोटी झोपडी. जेवण म्हणजे उकडलेली किंवा भाजलेली हिरवी केळी, भात, कधी ओट्स, कधी नदीतला मासा. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, अडचण येत नाही, फक्त केळ्यांचा कंटाळा दुप्पट येईल. साबण, टूथपेस्ट, अत्तरही बऱ्याच ठिकाणी बंद असतं. फोन बंद. हस्तांदोलन, मिठी टाळायची, कारण पथ्यात असलेला माणूस उघडा असतो असं मानतात.

ऐकायला सोपं आहे. चौथ्या दिवशी दुपारी, ३२ अंशांच्या दमट उकाड्यात, करण्यासारखं काही नसताना, मन जे उकरून काढतं ते पाहण्यासाठीच तर ही व्यवस्था आहे. वही न्या, पुस्तकांची चळत नको.

बिनमिठाचं जेवण, घाम आणि उलट्या यांनी रक्तातलं सोडियम खाली जातं. म्हणून पाणीसुद्धा घटाघट प्यायचं नाही. याच कारणाने ‘जाता जाता कांबोही करून घ्या’ या आग्रहाला बळी पडू नका. कांबो हे एका बेडकाचं विष, त्वचेवर चटके देऊन लावतात आणि त्याआधी लिटरभर तरी पाणी पाजतात. त्यात माणसं दगावलेली आहेत. तंबाखूचं पाणी पाजून केलेल्या शुद्धीतही दगावली आहेत. पहिल्या खेपेला एकच वाट धरा.

रात्र

विधी अंधार पडल्यावर, आठ-नऊच्या सुमारास, मालोकात होतो. मालोका म्हणजे पानांनी शाकारलेलं मोठं गोल घर. भिंतीलगत गाद्या, प्रत्येकाजवळ एक बादली, पाण्याची बाटली, टॉयलेट पेपर. लाल उजेडाची डोक्याची बॅटरी न्या, पांढऱ्या झोताने इतरांना त्रास होतो. संडासाची वाट दिवसाउजेडी पायाखालून घालून ठेवा. याला हसू नका.

वैद्य मापाचो, म्हणजे तिथला कडक रानटी तंबाखू, ओढून काढ्याच्या बाटलीवर धूर फुंकतात, मग एकेकाला बोलावून वाटीभर देतात. किती द्यायचं ते त्यांच्यावर सोडा, आणि कमी मागायला लाजू नका. ‘मी आज पिणार नाही, नुसता बसतो’ असंही म्हणता येतं. चांगल्या ठिकाणी त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. मग दिवा मालवतात. साधारण वीस मिनिटं ते तासाभरात असर सुरू होतो आणि चार ते सहा तास राहतो.

थोड्या वेळाने गाणं सुरू होतं. इकारो. २०१६ साली शिपिबोंच्या या गाण्यांनाही पेरूने राष्ट्रीय वारसा म्हटलं. वैद्य एकेका माणसासमोर बसून त्याच्यासाठी गातात, आणि उपचार तो हाच. काढा प्यायलेला असो वा नसो, त्या वेळी उठून बसायचं आणि ऐकायचं. अर्थ कळत नाही, कळायची गरजही नाही. शिपिबो कापडावरची भौमितिक नक्षी, केने, म्हणजे याच गाण्यांची लिपी आहे असं पाहुण्यांना हौसेने सांगतात. ते कितपत जुनं आहे यावर अभ्यासकांत वाद आहे.

उलटी आली तर येऊ द्या. तिला तिथे पुर्गा म्हणतात आणि अपयश मानत नाहीत, उलट ती झाली नाही तर काहीजण हिरमुसतात. भीती वाटली तर उठून बसा, सावकाश श्वास घ्या, गाण्याला कान लावा. शेजारच्याला हात लावू नका, तो कितीही रडत असला तरी. मदत हवी असेल तर हलक्या आवाजात ‘आयुदा’ म्हणा. रात्री नदीवर किंवा जंगलात एकट्याने जायचं नाही. छातीत दुखणं, ताठरलेले स्नायू, तापलेलं अंग, झटके, न थांबणारी थरथर या गोष्टी शुद्धीकरण नव्हेत. त्या दिसल्या की तिथे जागं असलेल्या माणसाने बोट काढायची, आणि त्या माणसाला हे ठाऊक आहे का, हे तुम्ही पत्रातच विचारलेलं असलं पाहिजे.

लोकांशी वागणं

एप्रिल २०१८ मध्ये यारिनाकोचा भागात ओलिव्हिया अरेवालो या ८१ वर्षांच्या नामांकित शिपिबो वैद्येला गोळ्या घालून मारण्यात आलं. संशय एका परदेशी माणसावर गेला आणि जमावाने त्याला ठार केलं. या समाजाने पाहुण्यांचं येणं किती अंगावर झेललंय, याची जाणीव ठेवून तिथे वागा. विधीत रेकॉर्डिंग नको, फोटो विचारल्याशिवाय नको. चार इकारो पाठ करून पुण्यात स्वतःची शिबिरं भरवणं तर नकोच. नक्षीचं कापड घ्यायचं तर भरतकाम करणाऱ्या बाईच्या हातात पैसे द्या, घासाघीस न करता. रानातल्या वेलीवरही मागणीचा ताण आहे, केंद्र स्वतः लागवड करतं का ते विचारा.

परतताना आणि नंतर

शेवटच्या दिवशी पथ्य सोडवतात, बऱ्याच ठिकाणी मीठ, लिंबू, कांदा, मिरची चाखवून. म्हणजे त्या रात्री लिमात पिझ्झा-बिअर असा अर्थ नाही. डुक्कर, दारू, तिखट, शरीरसंबंध पुढेही काही आठवडे टाळायला सांगतात. जितके दिवस सांगितले तितके पाळा. नैराश्याची औषधं पुन्हा कधी सुरू करायची हेही तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, शिबिरातल्या मित्राने नव्हे.

पहिले तीन-चार आठवडे नोकरी सोडणं, घटस्फोट, जमीन विकणं असले निर्णय घेऊ नका. रात्री जे लख्ख दिसलं ते दिवसाउजेडी टिकतंय का, हे बघायला तेवढा वेळ लागतोच. झोप उडाली, संशय वाढला, दृश्यं पुन्हा दिसू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि काय घेतलं ते खरं सांगा. लपवलंत तर ते चुकीचं औषध देतील.

सामानात बाटली, पानं, बिया, वेलीचा तुकडा, ‘आठवण म्हणून’ मापाचोची पुडी काहीही ठेवू नका. सहप्रवाशाची पिशवी तर अजिबात आणू नका. पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टमध्येच ठेवा. मुंबईला उतरल्यावर ते आधी आरोग्य विभागाच्या टेबलावर दाखवावं लागतं, सामानाचा पट्टा त्यानंतर येतो.